माशांना आग्रह

तळ्यावर सकाळ उतरते तेव्हा ती कसलाही गाजावाजा करीत नाही. आधी पाण्याचा काळा रंग राखाडी होतो. मग पलीकडच्या बाभळीच्या फांद्या एकेक करून वेगळ्या दिसू लागतात. आणि शेवटी, बदलीचा आदेश मिळालेल्या कारकुनासारखा, उजेड नाइलाजाने कामावर रुजू होतो. त्या दिवशी तर ढगांमुळे तोही अर्ध्या रजेवर होता!

अशा आभाळाखाली पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून माशांचे खाद्य बंद ठेवावे. हा नियम पारशिवनीच्या पंचक्रोशीत माझ्याइतका काटेकोरपणे कोणीही पाळत नसेल! (अर्थात मी मितभाषी आहे, बढाईसुद्धा मनातल्या मनातच मारतो.)

नेमके त्याच सकाळी कामठीचे मधुकरराव आपल्या मुलीसह मला पाहायला आले. नूपुरचा फोटो मी इतक्यांदा पाहिला होता, की तिला समोर पाहून मलाच संकोच वाटला.

काठाशी रोहू तोंडे वर काढून आ वासत होते.

“काहून हो, उपाशी ठेवता का यायले?” मधुकररावांनी विचारले.

“ढगाळ हवेत... प्राणवायू...” माझे वाक्य सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत पोचले आणि तिथेच बसले.

“मुक्या जिवाले जो उपाशी ठेवते, तो माह्या पोरीले काय खाऊ घालीन?”

आईने तर्री-पोह्यांची बशी बांधावरच ठेवून दिली. आमच्या घरी पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की खरे वाढणे सुरू होते!

“टाक ना गा चार दाणे! पाहुण्यायसमोर इज्जत घालवतं का?” असे म्हणत तिने खाद्याचे पोतेच उघडले.

मधुकररावांनी ओंजळ टाकली. माशांनी ढुंकूनही पाहिले नाही.

“लाजून राहिले,” आई म्हणाली. “आग्रह करा!”

मग आग्रह झाला! ओंजळीमागून टोपले, टोपल्यामागून अर्धे पोते! पाण्यावर अक्षता तरंगाव्यात तसे खाद्य तरंगू लागले. मी ‘थांबा’ म्हणून हात वर केला. मधुकररावांना वाटले, लांब फेका असे सुचवतो आहे. त्यांनी उरलेले पोते बांधावर चढून रिकामे केले!

एक रोहू आडवा झाला. मी धावत जाऊन पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरचे बटण दाबले, लाइन गेलेली! शेवटी इस्त्रीच्या कपड्यांनिशी तळ्यात उतरलो आणि बादलीने पाणी उडवू लागलो.

“पोराचं डोकं फिरलं!” मधुकरराव ओरडले.

“बाबा, ते भुकेले नाहीत! त्यायचा श्वास कोंडून राहिला!” नूपुरने ओढणी खोचली आणि दुसरी बादली उचलली.

हात गळून गेल्यावर, म्हणजे गरज जवळजवळ संपल्यावर, लाइन आली. एरेटर घरघरला, वाचलेले मासे हळूहळू तळाशी गेले.

नूपुरने ओढणी पिळली. “तुमाले सारं माहीत होतं. मंग बोलले काहून नाही?”

‘मी मितभाषी आहे’ हे उत्तर माझ्यापाशी तयार होते.

“जीव घाबरला तं मासाही तोंड उघडते,” ती म्हणाली.

मी तोंड उघडले. या वेळी माझा आवाज आईपर्यंत, मधुकररावांपर्यंत, बहुधा थेट कामठीपर्यंत पोचला:

“मी भित्रा आहे!”