ओवाळलेलं हेड

इंजिनाच्या हेडला उंबरठ्यावर ओवाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डोंबिवलीतले आमच्या समोरच्या ब्लॉकमधले नाडकर्णी काका. बँकेतून रिटायर झालेले, स्वतः साधी स्कूटरही न चालवणारे.

त्यांची मुलगी केतकी कोइमतूरला नोकरी करते आणि तिथल्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यतीत उतरते. शर्यत झाली की इंजिनाचं हेड, म्हणजे झडपा बसतात तो वरचा भाग, सोडवून ती घरी घेऊन येते. काका निरांजन लावून दारात हजर.

"बाबा, नाटकं पुरे!"

"तुला कोण ओवाळतंय? हेड लांबून आलंय. नीट धर."

ती हेड छातीशी धरून उभी राहते, आणि काकांचं ताट हेडापेक्षा बरंच वरपर्यंत फिरतं.

मग हेड पाटावर. काका एकेक झडप दोऱ्याला टांगतात, चमच्याने हलकेच ठोकतात आणि डोळे मिटून ऐकतात. तडा असेल तर आवाज बद्द येतो म्हणे. झडपा घट्ट बसाव्यात म्हणून करायचं घासकाम विठ्ठलवाडीच्या वर्कशॉपात. तिथेही काका स्टूल टाकून पहाऱ्याला. "झडप म्हणजे घराचं दार. वेळेवर उघडलं पाहिजे, घट्ट लागलं पाहिजे." आमच्या घराण्यातला पहिला बीकॉम मी, सहसा कुणापुढे गप्प बसत नाही. इथे आ वासून बघत बसतो.

यंदा झडपा बदलायच्या होत्या. ताटात दोन जाती मांडलेल्या. टायटॅनियमची हातात घेतली तर शर्टाच्या बटणासारखी हलकी वाटली. ती इंजिनाला जास्त पळू देते, पण दर शर्यतीनंतर हेड उघडून तपासावी लागते. स्टीलची जड, पण सीझनभर बघायला नको. काका आजवर कट्टर टायटॅनियमवाले. "स्टील भांड्यांना!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

या खेपेला केतकी म्हणाली, "बाबा, दर वेळी इथे यायला रजा मिळत नाही रे. हे नाही जमणार. रेसिंग सोडते मी."

त्यानंतर काकांचं एकच चाललं. चहा पितानाही बशीत झडप. एकदा ही उचल, एकदा ती.

रविवारी सकाळी मी गेलेलो तेव्हा ते हेडात स्टीलची झडप बसवत होते.

"काका, स्टील? भांडी घासायला घेतली की काय?"

हसले नाहीत. "वेग जरासा कमी मिळेल. वळणावर भरून काढते केतकी, मला माहितेय." मग झडपेवर बोट फिरवत म्हणाले, "आता सारखं यायला नको तिला. सोडायलाही नको."

केतकी हेड घेऊन गेली. संध्याकाळी डोकावलो तर काकांनी जुनी टायटॅनियमची झडप दोऱ्याला टांगलेली. चमचा लागला. स्वच्छ, लांब आवाज.

"चांगली आहे की अजून," मी म्हटलं.

"चांगलीच आहे," काका म्हणाले, आणि आवाज विरेपर्यंत दाराकडे बघत राहिले.