पंगत उठेपर्यंत

लंकाबाईंना त्या दिवशी जुन्नरात नवा चष्मा मिळाला आणि कुशाबांचा निवांतपणा संपला. घाटघरची शेवटची एसटी सुटायला अवकाश होता. ती चुकली तर रात्र स्टँडच्या बाकावर काढायची, हे दोघांनाही ठाऊक होतं. तोवर समोरच्या नव्या बर्गरच्या दुकानात बसा, अशी नात वैजयंतीने ताकीदच दिली होती. काचेजवळची जागा मिळाली, आणि लंकाबाई बर्गर बाजूला ठेवून माणसंच बघत बसल्या.

"आवो, त्यो बघा. खायच्या आधी फोटू काढतोय."

"निवद दावत आसंल."

"आन ती बाई बघा. नवरा खातोय तवर हीच उठली!"

हे मात्र कुशाबांना खटकलं. कुणी मध्येच येतो, कुणी तोंड पुसत चालता होतो, शेजारचा जेवला की उपाशी राहिला याची कुणाला फिकीर नाही. कुशाबा उभ्या जन्मात पंगतीतून शेवटच्या माणसाआधी उठले नव्हते, मग ते लग्न असो की तेरावं.

तेवढ्यात बटाट्याच्या काड्यांचा पुडा घेऊन एक कॉलेजातली मुलगी आली. तिचं नाव झेबा. दुकानात दुसरी जागाच नव्हती.

"आजोबा, इथं बसू का?"

"बस की, बाय."

झालं! एका टेबलावर तीन माणसं, म्हणजे पंगत बसली. म्हाताऱ्यांचे बर्गर संपले. झेबा मात्र एकेक काडी उंदरासारखी कुरतडत होती. कुशाबा थांबले. थांबायचंच असतं.

दुकानाचा मॅनेजर गोरख दोनदा येऊन बघून गेला आणि तिसऱ्यांदा बोललाच.

"बाबा, लोक खोळंबलेत. पाटी वाचा की." भिंतीवर लिहिलं होतं, 'खाणे झाल्यावर जागा सोडावी.'

"खाणं झालं न्हाई."

"अहो, कागदसुद्धा पुसून खाल्लाय तुम्ही!"

"माझं झालं. पोरीचं कुठं झालंय?"

"ती तुमची कोण?"

"पंगतीतली."

गोरख झेबाकडे वळला. "ताई, तुमचं पार्सल करून देऊ का?"

कुशाबांचा आवाज साऱ्या दुकानात घुमला. "भरल्या ताटावरनं पोरीला उठवतोस? ह्ये जेवणाचं ठिकान हाय का कोंडवाडा? न्हाई उठत, जा! काय करायचं ते कर!"

दाराशी पोचलेल्या एका बाईने नवऱ्याची कॉफी अर्धीच आहे हे पाहिलं आणि ती मुकाट्याने परत येऊन बसली. तिचं बघून आणखी दोघं बसले. रांग दाराबाहेर गेली. समोर स्टँडवर एसटी लागली.

"आवो, मान्सं चढाया लागली," लंकाबाई म्हणाल्या.

"चढू दे."

झेबाचा फोन वाजला. ती हळू आवाजात म्हणाली, "भाई, कशी येऊ? आजी-आजोबा अजून बसलेत. मोठ्यांच्या आधी कसं उठायचं? तासभर पुरवून पुरवून खातेय मी!"

कुशाबा खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजी तू आमच्यासाठी थांबलीस? आमी तुझ्यासाठी थांबलो की गं!"

"मग उठा!" गोरख हात जोडून म्हणाला.

"तुम्ही आधी उठा, आजोबा."

"तू आधी संपव, बाय."

"तुम्ही उठल्याशिवाय नाही!"

गोरखचा संयम सुटला. त्याने पुड्यातली शेवटची काडी उचलली आणि तोंडात टाकली. "घ्या! संपलं! उठली पंगत!"

"उठली कशी?" कुशाबांनी शेजारची खुर्ची ओढली. "आता तू बसलास पंगतीत. सकाळपासनं काय खाल्लंस?"

गोरख जरा घुटमळला. "चहा."

"दुसऱ्यांना खाऊ घालतोस आन सोता उपाशी? बस!"

हा म्हातारा हरणार नाही हे गोरखला कळून चुकलं. शिवाय भूकही लागलीच होती. त्याने आतून आपला डबा आणला. डब्यात पिंपळवंडीच्या घरची बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी होती. दोन घास झाले न झाले तोच समोर हॉर्न वाजला.

"बाबा, पळा! एसटी जाईल तुमची!"

"जाऊ दे. तू भाकरीवर ध्यान दे."

एसटी निघाली. लंकाबाई काचेला नाक लावून बघत होत्या. "चष्मा लई झ्याक हाय वो. गेलेली गाडी बी लांबपर्यंत दिसती."

गोरखचा डबा संपला आणि सगळी पंगत मानाने एकदम उठली. तोवर झेबाचा भाऊ फुरकान तिला शोधत आत आला होता. सगळा प्रकार ऐकून तो पोट धरून हसला. "बाबा, आता मुक्काम आमच्याकडंच. चला, अम्मी जेवायची थांबलीये."

अन्न वाट बघतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? पण दारात कुशाबांचं पाऊल अडखळलं.

"बाय, तुमच्यात ताटावरनं आधी कोन उठतं?"

"अम्मी. तिच्या आधी घरातलं कुणी उठत नाही."

"आन ती कवा उठती?"

"पाहुणे उठल्यावर."

कुशाबांनी लंकाबाईंकडे बघून सुस्कारा सोडला. "चला. उंद्याची एसटी बी गेली."