सेनोचं अंडं

"अंड्यानं पोराला गळवं येतात. पण माझं ऐकेल कोण?" सेनोची आजी, म्बाह सरियेम, चुलीशी पुटपुटल्या. सुनेला नीट ऐकू जाईल, एवढ्याच हळू.

सूनबाई वार्सीनं ऐकलं आणि ती टोफूच्या कारखान्यात कामाला निघून गेली. तिच्या दोन वर्षांच्या सेनोची उंची अडून बसली होती. गावातल्या बाळांची उंची मोजणाऱ्या बू लास्त्रींनी त्याला रोज एक अंडं सांगितलं होतं आणि गल्लीतली घरं ते पाळीपाळीनं पोचवत होती. दुपारी वार्सी परते तेव्हा अंडं संपलेलं असे. सेनोच्या ओठांना नुसता रस्साभात, आणि सासऱ्यांच्या, म्हणजे म्बाह कार्सोंच्या, मिशीला पिवळा बलक.

सुनेनं सासऱ्याच्या मिशीबद्दल बोलायचं? तेही जावा बेटावर जन्मून? तिनं पाणी पुढे केलं. "बाबा, तोंड धुता?"

"सेनो अंडं खातो ना गं?" बू लास्त्री विचारायच्या.

"घरात रोज संपतं, बू."

बू लास्त्रींची नजर मिशीवर जायची आणि तिथून थेट झाडावर. "पपया काय लागल्यात यंदा!"

मग कार्सोंना गळू झालं. तेही अशा जागी, की बसायची सोय उरली नाही. सरियेमचं म्हणणं आयुष्यात पहिल्यांदा शंभर टक्के खरं ठरलं होतं, आणि पुरावा कुणाला दाखवता येत नव्हता! दिवसभर त्या भांडी आपटत राहिल्या.

मोजणीच्या दिवशी सगळी गल्ली गावप्रमुखांच्या ओसरीवर जमली.

"म्बाह कार्सो, बसा की."

"उभाच बरा आहे."

"उशी देऊ खाली?"

"म्हटलं ना, बरा आहे!"

सेनोला पट्टीला टेकवून उभं केलं. डोकं मागच्याच खुणेशी. वार्सीनं खूण पुन्हा पाहिली. वाढायची हीच तर वर्षं. ही गेली की पोर जन्मभर खुजं राहणार.

"एक अंडं पुरत नाही वाटतं," बू लास्त्री कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "रोज दोन देऊ या."

"देऊ की!" शेजारणी सरसावल्या. एक म्हणाली, "माझी बदकं आहेत. तीन घ्या!"

सरियेम ओसरीसमोरच्या झाडावरच्या पपया मोजू लागल्या.

"नको!" कार्सो कळवळले. सगळ्या माना वळल्या. त्यांनी नातवाकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला.

"दोन नको गं बायांनो. एकानंच मला बसता येईना."