एक माणूस, एक कुलूप

टिपणीसांच्या घरी पहिल्यांदा चहाला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातात कपाऐवजी एक लाल कुलूप ठेवलं. गॅसचा बर्नर नीट पेटत नव्हता आणि तो उघडून साफ केल्याशिवाय चहा होणार नव्हता. सिलिंडरच्या झडपेवर एक प्लास्टिकची डबी बसवून तिला त्यांनी आधी स्वतःचं कुलूप लावलं आणि मला म्हणाले, "आता तुझं लाव. एक माणूस, एक कुलूप. तू तुझं काढल्याशिवाय हा गॅस चालू होणार नाही." चहा मिळायला पाऊण तास लागला. पण तो पिताना माझ्या जिवाला कसलाही धोका नव्हता, हे मान्य करायला हवं.

सौदीतल्या हुफूफबाहेरच्या गॅस प्लांटमध्ये आम्ही दोघं कामाला. मी मेंटेनन्सला, ते सेफ्टीला. राहायलाही एकाच इमारतीत. मी, मानसी आणि आमची इरा दुसऱ्या मजल्यावर, टिपणीस एकटे तिसऱ्यावर. आमच्या प्लांटमध्ये पंप दुरुस्तीला घेतला की वीज बंद करायची आणि काम करणाऱ्या प्रत्येकाने त्या स्विचला आपापलं लाल कुलूप लावायचं. सोबत नाव आणि फोटो असलेला टॅग. शेवटचं कुलूप निघेपर्यंत पंप चालू होत नाही आणि दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावत नाही. आम्ही हा नियम संध्याकाळी प्लांटच्या गेटवर सोडून घरी येतो. टिपणीस तो बसमधून सोबत आणत. त्यांच्या फ्रिजला कुलूप होतं. चपलांच्या कपाटावर 'धोका! उघडू नये' अशी पाटी होती. का, ते मी विचारलं नाही. एकदा उघडल्यावर कळलं.

अशा माणसाने बिटकॉइन घ्यावं हे नवलच. पुण्यातल्या पुतण्याच्या नादाने काही वर्षांपूर्वी त्यांनी थोडं घेतलं, विसरून गेले, आणि ते वाढत वाढत एवढं झालं की त्यांची झोप उडाली. ते सगळं ऋचाचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ऋचा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात आर्किटेक्ट. तिचं स्वतःचं ऑफिस व्हावं ही तिच्या आईची फार इच्छा होती. आई गेली, त्यानंतर बापलेकीचं बोलणं शुक्रवारच्या फोनपुरतं उरलं. "बाबा, साइटवर आहे, नंतर करते," एवढ्यावर तो फोन बहुतेक वेळा संपायचा.

"ते कॉइन जिथून घेतले त्या एक्स्चेंजवरच राहू द्या की," मी एकदा म्हणालो.

"नितीन, तू बॅचलर कॅम्पात राहिला नाहीस," टिपणीस म्हणाले. "एक्स्चेंजवर ठेवणं म्हणजे कॅम्पातल्या सामाईक फ्रिजमध्ये आपला डबा ठेवणं. डबा जागेवर राहतो. आतलं मटण राहत नाही."

म्हणून त्यांनी हार्डवेअर वॉलेट आणलं. पेनड्राइव्हएवढं यंत्र, इंटरनेटपासून लांब राहणारं, पैशांची चावी आत सांभाळणारं. ते हरवलं किंवा बिघडलं तर सगळं परत मिळवायला चोवीस इंग्रजी शब्द असतात. ते शब्द ज्याच्या हाती लागले, त्याचा माल. "इकामा हरवला तर नवा मिळतो," टिपणीस इथल्या राहण्याच्या परवान्याचं उदाहरण देऊन बजावत, "हे शब्द हरवले तर कफीलचा कफील, मालकाचा मालक आला तरी काही करू शकत नाही. खलास!"

मग शब्द कशावर ठेवायचे यावर संशोधन सुरू झालं. कागद जळतो, भिजतो. फोनमध्ये फोटो काढणं म्हणजे चोराला आमंत्रण. शेवटी स्टेनलेस स्टीलची पट्टी ठरली आणि अक्षरं ठोकायचे पंच त्यांनी बाजारातून आणले. आधी चाचणीसाठी एका पट्टीवर भाज्यांची नावं ठोकली. ती पट्टी गॅसवर लाल होईपर्यंत तापवली, व्हिनेगरमध्ये बुडवली, फ्रीझरमध्ये ठेवली, आणि शेवटी उच्च दाबाची चाचणी म्हणून आमचा प्रेशर कुकर मागून नेला. कुकर परत आला तो पट्टीसकट. मानसीला वरणात 'कॅबेज' सापडला.

"बाबा, इज अंकल ओके?" इराने विचारलं.

"काका पैसे जपतायत," मी सांगितलं.

"इन अवर दाल?"

खरी पट्टी त्यांनी कुठे ठेवली ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. बिटकॉइन हा शब्दसुद्धा ते जिन्यात उच्चारत नसत. 'लोणचं' म्हणत. "लोणच्याला ओला चमचा लागता कामा नये," असं कानाशी येऊन सांगत. दाराला तीन कुलपं, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. प्लांटच्या सकाळच्या सेफ्टीच्या बैठकीतही शेवटी एक वाक्य ठरलेलं असे, "और पासवर्ड किसी को नहीं देना, बीवी को भी नहीं." यावर आमचे फिटर मनापासून हसत.

एका शुक्रवारी दुपारी मानसीने पुरणपोळ्या केल्या आणि त्यांना जेवायला बोलवायला मी वर गेलो. तिन्ही कुलपं उघडी होती. दार नुसतं लोटलेलं. टिपणीस खुर्चीत बसले होते, मांडीवर स्टीलची पट्टी, समोर स्पीकरवर फोन. फोनमधून एका तरुण मुलाचा गोड आवाज येत होता, "आराम से अंकल, कोई जल्दी नहीं. अगला वर्ड बोलिए."

आणि टिपणीसांनी पुढचा शब्द सांगितला.

मी धावत जाऊन फोन कापला. ते माझ्यावर उखडले. "अरे, काय करतोस! वॉलेटच्या कंपनीतला मुलगा आहे तो. माझं वॉलेट धोक्यात आहे म्हणून..." आणि वाक्य अर्ध्यातच थांबलं. चष्मा काढून ते पट्टीकडे बघत बसले. निम्म्याहून जास्त शब्द सांगून झाले होते.

"काका, कंपनी कधी शब्द विचारत नाही. हे तुम्हीच सगळ्यांना शिकवता."

"मला कळत होतं रे," ते अगदी हळू म्हणाले. "आठवडाभर रोज फोन करतोय. गुडघा कसा आहे विचारतो. आज पहिलं काय विचारलं, माहितीये? अंकल, खाना खाया?"

एवढी कुलपं, एवढी चिकटपट्टी, आणि चोर आत आला तो जेवलात का विचारून.

उरलेले शब्द शोधून काढणं चोराला सोपं नव्हतं. पण टिपणीसांच्या नियमात अर्धं उघडं कुलूप म्हणजे उघडंच. त्यांच्याकडे एक जादा यंत्र होतं. त्यावर नवं वॉलेट केलं, नवे शब्द घेतले आणि सगळं लोणचं जुन्या बरणीतून नव्या बरणीत हलवलं. नव्या वॉलेटचा पत्ता जुळतो की नाही ते मी अक्षर अक्षर वाचून दाखवत होतो. व्यवहार पक्का झाल्याचं दिसलं तेव्हा दोघांनीही एकदम श्वास सोडला. मग आम्ही खाली जाऊन गार झालेल्या पुरणपोळ्या खाल्ल्या. मानसीने त्यांना तूप जरा जास्तच वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत टिपणीसांनी साऱ्या कामगारांपुढे गोष्ट सांगितली. "एक बेवकूफ आदमी था," अशी सुरुवात. गोड आवाज, शब्द, सगळं सांगितलं. फक्त नाव सोडून. ऐकून मुलतानचा एक फिटर म्हणाला, "सर, उस आदमी के घर में बात करनेवाला कोई नहीं था क्या?"

टिपणीसांनी हेल्मेट नीट केलं. "यल्ला, काम पे चलो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले ते नवीन योजना घेऊन. आता वॉलेटला तीन चाव्या आणि उघडायला त्यांतल्या कुठल्याही दोन लागणार. एक त्यांची, एक ऋचाची, एक माझी. "म्हणजे मी एकटा कितीही गोड बोलण्याला भुललो तरी बरणी उघडणार नाही. आणि मी नसलो, तर तुम्ही दोघं तिच्यासाठी उघडाल."

"पण काका, आम्ही दोघं मिळून तुम्ही असतानाच ती पळवू शकतो," मी म्हणालो.

"शकता. पण त्यासाठी तुम्हाला एकमेकांशी बोलावं लागेल. आणि बोलाल ते माझ्याबद्दलच बोलाल."

ऋचाचं यंत्र त्यांनी कुरिअरने पाठवलं नाही. रजा टाकून स्वतः पुण्याला गेले, तिच्या हातात दिलं, आणि सोबत तिचा फोटो असलेला लाल टॅगही. ती म्हणे आधी वैतागली आणि मग टॅगवरचा शाळेतला फोटो बघून हसत सुटली.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमची तिघांची ड्रिल असते. मी वर जातो, ऋचा व्हिडिओवर येते. टिपणीस विचारतात, "कुलूप जागेवर?" तिघं आपापलं यंत्र दाखवतो. ड्रिल तेवढीच. पुढचा तासभर ऋचा बापाला आपले नकाशे दाखवते आणि तिचे जिने किती धोकादायक आहेत यावर तो तिच्याशी भांडतो.

त्या चोराच्या फोनबद्दल मी तिला काही सांगितलेलं नाही, टिपणीसांनी तर नाहीच. गेल्या वेळी भांडण रंगात आलं असताना ती मधेच थांबली आणि म्हणाली, "बाबा, ते राहू दे. तुम्ही जेवलात का?"

टिपणीस एकदम उठले. "गॅस चालू राहिला वाटतं, बघून येतो," असं म्हणत स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. बर्नर पुन्हा बिघडल्यामुळे गॅसला सकाळपासून दोन लाल कुलपं होती. त्यातलं एक माझंच होतं.