तेरावं भोक

“अख्ख्या गावाचे फ्रिज मी गार ठेवतो. एक इंजिन गार ठेवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!”

हे वाक्य फ्रिजवाले काका गेली सात वर्षं भेटेल त्याला ऐकवत होते. घरामागच्या शेडमध्ये ते विमान बांधत होते. हो, विमान! खरंखुरं, दोन सीटचं, जुन्या मोटारीचं इंजिन बसवलेलं! पंख झाले होते, शेपूट झाली होती, मधल्या काळात काका रीतसर शिकून विमान उडवायचा परवानासुद्धा घेऊन आले होते. अडलं होतं ते एवढ्यावरच, की इंजिन सुरू केलं की सातव्या मिनिटाला तापमानाचा काटा लाल रेघेवर जाऊन बसायचा आणि रेडिएटर आधणासारखा खदखदायला लागायचा.

त्या रेडिएटरने विमानभर बिऱ्हाडं बदलली होती. आधी काकांनी तो सीटच्या मागे बसवला, तर त्यांची पाठ शेकून निघाली. मग पोटाखाली टांगला, तर विमानाच्या नाकावरच्या पंख्याने उडवलेली सगळी माती त्याने गिळली. शेवटी तो विमानाच्या नाकाखाली, बॉनेटच्या आत आला. समोर हवा घ्यायला तोंड, मागे खालच्या बाजूला हवा जायला फट. तरी सात मिनिटं म्हणजे सात मिनिटं!

विमानाला उडायची परवानगी देणाऱ्या सरकारी तपासनीस साहेबांची अट साधी होती. बॉनेट लावून इंजिन पूर्ण जोरात पंधरा मिनिटं चालवायचं, काटा लाल रेघेला शिवता कामा नये. दोनदा ते आले आणि दोनदा नापास करून गेले. तिसऱ्यांदा नापास म्हणजे अर्ज रद्द. घरची अट त्याहून कडक होती. काकू शिवणकाम करत. दोन मशिनं झोपायच्या खोलीत, कापडाचे गठ्ठे पलंगाखाली, आणि मापं द्यायला आलेलं गिऱ्हाईक स्वयंपाकघरात उभं! त्यांना शेड हवी होती.

“तिसऱ्यांदा नापास झालात, तर ते धूड भंगारात आणि शेड माझी. बोला, कबूल?”

“कबूल!” काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? जेवण समोर यायचं होतं.

अशा वेळी सल्ला द्यायला मेहुण्यासारखा माणूस नाही. काकूंचा भाऊ ट्रक चालवायचा, म्हणजे इंजिनातलं त्याला सगळंच कळायचं. त्याने बॉनेटवर थाप मारली आणि निदान केलं.

“भावोजी, जीव घुसमटतोय बिचाऱ्याचा! वारा द्या! भोक पाडा!”

काकांनी बॉनेटला बाजूने, खालच्या अंगाला, वाटीएवढं भोक पाडलं. इंजिन सुरू केलं. सहाव्या मिनिटाला काटा लाल रेघेवर!

“आधी सातव्याला जात होता ना रे?”

“भोक लहान पडलं, भावोजी!”

दुसरं पाडलं. साडेपाच मिनिटं. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. पण औषधाने ताप वाढला म्हणजे डोस कमी पडला, असं मानणाऱ्या जातीचे काका! तपासणीच्या आदल्या दिवशी बॉनेटला बारा भोकं होती आणि काटा चार मिनिटांत वर जात होता. तपासणीच्या दिवशी सकाळी काकांनी तेरावं पाडलं, ते मात्र अगदी विचार करून. “हेच ते!” असं म्हणून ते अंघोळीला गेले.

साहेब अर्धा तास आधीच आले.

काकूंनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि त्या मागे अंगणात आल्या. विमान शेडमधून बाहेर काढून ठेवलं होतं आणि त्याच्या बॉनेटची पार चाळण झाली होती. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात दोन मशिनं, दारात परका माणूस, आणि आपली वस्तू अशी फाटक्या अंगाने उभी!

“ताई, ती भोकं मुद्दाम...” मेहुणा म्हणाला.

“गप्प बस आणि कात्री आण!”

टेबलावर घालायचं सूर्यफुलांचं जाड मेणकापड होतं. काकूंनी दुहेरी घडी घालून, कडा आत दुमडून, गोंद आणि चिकटपट्टीने तेराच्या तेरा भोकांना ठिगळं लावली आणि हातासरशी बॉनेटच्या सांध्यांतल्या जुन्या भेगाही बुजवल्या. फूलसुद्धा कुठे अर्धं कापू दिलं नाही.

काका ओल्या केसांनी धावत आले ते मागच्या बाजूने, आणि पंखावरून थेट सीटवर चढले. भोकं होती नाकाच्या खालच्या अंगाला. तिथून ती दिसायचं कारणच नव्हतं.

“करा सुरू!” साहेब ओरडले.

पाच मिनिटं झाली. सात झाली. काकांनी डोळे मिटून घेतले. दहाव्या मिनिटाला एक डोळा उघडला. काटा लाल रेघेच्या बोटभर खाली शहाण्या मुलासारखा बसला होता! पंधरा मिनिटं झाली तरी तिथेच! काकांनी इंजिन बंद केलं आणि पंचविशीतल्या पोरासारखी खाली उडी मारली.

“साहेब, गुपित सांगू? तेरावं भोक!”

“कुठलं भोक?”

“अहो हे काय, हे!” काका बोट दाखवायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले. समोर सूर्यफुलं!

“काम मात्र सुबक आहे हं,” साहेब म्हणाले. “कडा दुमडून चिकटवलंय. कोणी केलं?”

“मी,” काकू म्हणाल्या. “फाटकं मला बघवत नाही.”

आता इथे गप्प बसायला हवं होतं की नाही? तुम्ही बसला असतात. मी बसलो असतो. पण सात वर्षांची अक्कल सूर्यफुलांखाली झाकलेली काकांना सोसेना.

“साहेब, हा अडथळा असून एवढं गार राहिलं! काढला तर बर्फ होईल, बर्फ!” आणि त्यांनी टराटरा ठिगळं ओढली!

“अहो, पाहुण्यांसमोर काय हे!”

“काका, पास होत होतं की,” साहेब म्हणाले. “आता बॉनेट बदललं. तपासणी पुन्हा करावी लागेल.”

“करा ना! हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

चौथ्या मिनिटाला काटा लाल रेघ ओलांडून गेला. पाचव्या मिनिटाला रेडिएटरने हिरवं पाणी फुर्र करून सोडलं, पंख्याच्या वाऱ्याने ते मागे उडवलं, आणि मागे, बाजूला, पांढऱ्या शर्टात साहेब उभे होते. पाणी वाटेत कोमट झालं होतं हे नशीब!

साहेबांनी चष्मा पुसला. पेनाचं टोपण काढलं. मग त्यांची नजर जमिनीवरची ठिगळं गोळा करणाऱ्या काकूंवर गेली.

“बाई, हे परत लावता येईल?”

शेड आता काकूंच्या मुठीत होती. नुसतं ‘नाही’ म्हटलं की झालं! काकूंनी शेडकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. तोंडाला काजळी, हातात एक फाटकं सूर्यफूल. काकांना त्या क्षणी स्वतःची खरोखर लाज वाटली.

“द्या ते इकडे,” काकू म्हणाल्या. “कडा पुन्हा दुमडाव्या लागतील. कशी ओढलीत हो!”

रेडिएटरमध्ये पाणी भरून पुन्हा पंधरा मिनिटं. काटा बोटभर खाली.

“त्याचं असं आहे,” साहेब शर्ट पिळत म्हणाले, “रेडिएटरमधून आलेल्या हवेला मागे जायला जागा हवी. तुम्ही रेडिएटरच्या मागेच तेरा भोकं पाडलीत. सांध्यांतल्या भेगांतून पंख्याचा वारा आधीच आत घुसत होता, त्यात ह्या भोकांची भर पडली. बाईंनी दोन्ही बुजवलं.”

“म्हणजे,” काकू म्हणाल्या, “मागच्या दाराने अर्धं गाव आत शिरल्यावर पुढच्या दाराने पाहुणे येतील कसे?”

“अगदी तसंच! आता कापडाच्या जागी फायबर बसवा, आकार मात्र हाच ठेवा. ह्या कामावर सही तुम्ही करायची, बाई.”

काकूंनी सही केली आणि पदराला हात पुसले.

“म्हणजे उद्या विमान धावपट्टीवर जाईल ना? परवा मशिनं आत घेते मी.”

“थांब,” काका म्हणाले. “नापास झालं तरी शेड तुझी, आणि पास झालं तरीही तुझीच?”

“मग? विमान काय शेडमध्ये उडवणार होतात?”

एवढ्या वर्षांत हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं!

“हं, शेवटचा रकाना,” साहेब म्हणाले. “पहिलं उड्डाण कोण करणार, आणि कधी?”

मेहुणा काकांकडे बघायला लागला. काकू काकांकडे बघायला लागल्या. काकांनी वर आभाळाकडे पाहिलं. परवाना काढला होता तो दुसऱ्याने बांधलेल्या विमानात; स्वतः बांधलेल्यातून जायचं म्हटल्यावर ते एवढं उंच असेल याचा अंदाज आला नव्हता.

“साहेब,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “चौथ्यांदा तपासता येईल का? मला ते अजून किंचित गरम वाटतंय...”