माणिकअण्णा दुर्बीण घेतात

माणिकअण्णा दुर्बीण डोळ्यांना लावायच्या आधी नाकाला लावायचे. डबा उघडला की पहिला वास. डोळे मिटून, खव्याची परीक्षा करावी तसा लांब श्वास ओढायचे आणि नाक आक्रसून म्हणायचे, "रबर कच्चं हाय. उन्हाळ्यात हाताला गुळावानी चिकटंल. परत पाठवा."

परत पाठवायचं काम माझं. जिंतुरात बसस्टँडजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे. काचेचा धंदा म्हणजे दुर्बिणीतलंही मला कळत असणार, असा अण्णांचा समज. त्यांचं गाव येलदरी धरणाच्या पाण्याकडेला आणि खिशात साधा बटणांचा फोन. म्हणून दुर्बीण माझ्या फोनवरून मागवायची, माझ्या दुकानात उतरवायची आणि बाजाराच्या दिवशी अण्णांनी येऊन ती हुंगून नापास करायची. पार्सलवाला शेवटी शेवटी पायरीवरूनच विचारायला लागला, "थांबू का? लगेच परत न्यायचीय ना?"

वासात पास झालेल्या दुर्बिणीचे हालही काही कमी नसत. अण्णा ती कानाशी धरून नारळासारखी हलवत. आत काही खुळखुळलं तर भिंग ढिलं. मग मोठ्या तोंडातून आत बॅटरीचा उजेड टाकून बघत. मग हात लांब करून ती आभाळाकडे धरत आणि मागच्या काचांवर पडलेले उजेडाचे ठिपके पूर्ण गोल आहेत का ते तपासत. "चंद्र पुनवेचा पायजे. कडंला कुरतडलेला चालत न्हाई." एवढ्यातून वाचलीच, तर रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर बसलेली कबुतरं. एकदा बराच वेळ ती न्याहाळून त्यांनी निकाल दिला, "हिच्यात पाखराला कावीळ झाल्यावानी दिसायलीय."

तेव्हा दुकानात चष्मा न्यायला आलेल्या एका बाईंनी आपला नवा चष्मा काढून घाबऱ्याघाबऱ्या काचा पुसल्या.

मी एकदा वैतागून नावाजलेल्या कंपनीची दुर्बीण दाखवली. किंमत ऐकून अण्णा म्हणाले, "तेवढ्यात म्हैस येती." मग अगदी स्वस्तातली दाखवली. "हिच्यापरीस हाताची नळी करून बघितलेलं काय वाईट?" म्हैस आणि हाताची नळी यांच्या मधली एक दुर्बीण त्यांना हवी होती, आणि ती जगात कुठंतरी तयार होते याबद्दल त्यांना शंका नव्हती.

आकडा मात्र ठरलेला. आठ बाय बेचाळीस. म्हणजे लांबचं आठ पट जवळ दिसणार आणि पुढचं भिंग चांगलं रुंद, दिवस कलल्यावरही उजेड खाणारं. जाहिरातीत कुणी शंभर पटीच्या गप्पा मारल्या, की अण्णा भडकत. "दोन किलोमीटरवरचा मानूस वळखू येतो म्हनं! वळखून करायचं काय? जवळ आला की कळतंच की कोन हाय ते."

जवळ येणारी माणसं अण्णांना फारशी उरली नव्हती, हे मला हळूहळू कळत गेलं. बायको गेलेली, मुलगा पुण्यात. बाजाराला आले की भाजी घ्यायच्या आधी ओळखीच्या दुकानांवरून एक चक्कर मारायचे आणि माझ्याकडे येऊन सांगायचे, कुणाची गादी आज रिकामी दिसली, कुणाच्या फोटोला हार होता. सांगताना आवाज पडायचा. मग एकदम, "बरं, काढा डबा," आणि पुन्हा नाक.

तरुणपणी अण्णा शिकारी. धरणाच्या काठी त्यांनी आणि त्यांच्या दोस्तानं, महबूबभाईंनी, ठासणीची बंदूक घेऊन हिवाळेच्या हिवाळे काढलेले. तितर, बदकं, मिळेल ते. पुढं कायदा कडक झाला, बंदूक जमा झाली, शिकार सुटली. "मारायच्या नादात पाखरू कसं असतं ते कधी बघितलंच न्हाई," अण्णा एकदा म्हणाले. "दिसलं की पाडलं. हातात यायचं तवर त्याच्या डोळ्यातला रंगच गेलेला असायचा."

मला वाटलं, म्हणून ही दुर्बीण. म्हातारपणी काठावर बसून बघायला.

पण मग अण्णांची एक खोड मला समजेना. प्रत्येक दुर्बीण ते माझ्या डाव्या हातात द्यायचे. "एका हातानं धरा. उजवा खाली सोडा. आता ते मधलं चाक फिरवून बघा बोटानं." माझा हात थरथरला की दुर्बीण नापास. जड लागली, नापास. चाकापर्यंत बोट पोचलं नाही, नापास. मी म्हणालो, "अण्णा, तुमचे दोन्ही हात चांगले धडधाकट आहेत की!" ते दुर्बीण डब्यात घालून डब्याची चिकटपट्टी परत लावत बसले.

दिवाळीनंतर एक दुर्बीण पास झाली. मी पेढे आणायला निघालो, तर अण्णांनी मला थांबवलं. "दुकान बंद करा घडीभर. मला महबूबकडं सोडा. काय अडलं तर तुमी असलेले बरे."

मोटारसायकलवर मागं बसून त्यांनी सांगितलं. महबूबभाईंना लकवा झाला होता, उजवी बाजू गेली होती. बाजेवर पडून दिवसभर पाण्याकडं तोंड करून असायचे. त्यांनीच एकदा म्हटलं होतं, काठावर बसलेलं पाखरू नुसतं ठिपका दिसतं, पूर्वीसारखं जवळ जाता येत नाही. "तवाच ठरवलं," अण्णा म्हणाले. "पर घाईघाईत भलतीच घेऊन काय उपेग? एका हाताच्या मानसाची वस्तू हाय."

आभाळ गच्च भरलेलं होतं. महबूबभाईंचं घर पाण्याच्या अगदी वरच्या अंगाला होतं. ओसरीवर बाज. अण्णांचा आवाज ऐकताच ते हसले. "आओ जी माणिक! लय दिन लगाया!" अण्णांनी पिशवीतून दुर्बीण काढली, त्यांच्या डाव्या हातात दिली, बोट धरून चाकावर ठेवलं. महबूबभाईंनी ती डोळ्यांना लावली.

मी आत पाणी मागायला गेलो. महबूबभाईंची सून चहा गाळत होती. तिनं दाराबाहेर बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अब्बाला दिसत न्हाई ओ आता. दिवाळीच्या आधीच नजर गेली. माणिकचाचाला सांगू नको म्हनले. ते लय दिवसापास्नं दुर्बीण धुंडायलेत म्हनून."

मी ओसरीवर आलो. महबूबभाई पाण्याकडे दुर्बीण धरून होते. पुढच्या दोन्ही भिंगांवर रबराची काळी टोपणं तशीच बसलेली होती.

"क्या साफ दिखता रे माणिक! एकदम सामने!"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा टोपणांकडे बघत होते. बराच वेळ. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात किंचित वर केला.

"काय दिसायलंय?" त्यांनी विचारलं.

"सुरखाब," महबूबभाई म्हणाले.

सुरखाब म्हणजे चक्रवाक, विटकरी रंगाचं मोठं बदक. पाण्यावर तेव्हा काहीही नव्हतं. एका बुडालेल्या बाभळीच्या फांदीवर पाणकावळा तेवढा पंख पसरून बसला होता.

"ले, तू भी देख." महबूबभाईंनी दुर्बीण पुढं केली.

अण्णांनी घेतली. टोपणं घट्ट होती. ओढली असती तर फट्कन आवाज झाला असता. अण्णांनी ती काढली नाहीत. दुर्बीण तशीच डोळ्यांना लावली आणि बाजेच्या कडेला, महबूबभाईंच्या खांद्याला खांदा लावून बसले.

"दिखे?"

"दिसायलेत की." अण्णा म्हणाले. "डावीकडं, गाळाच्या कडंला. जोडी हाय. मादीचं डोकं जरा फिकं."

"और नर?"

"त्याच्या गळ्यात काळी कंठी असती बघ. अजून उमटायचीय ह्या साली."

"हौ," महबूबभाई समाधानानं म्हणाले. "वहीच. और बोल."

अण्णा सांगत राहिले. सून चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली, तरी त्यांनी डोळ्यांवरची दुर्बीण खाली घेतली नाही.