मंगळवारी शिकलेला अंटिल

दमयंतीला इंग्रजीतला 'अंटिल' मंगळवारी कळला आणि शुक्रवारी तिने तो वापरला. मधला गुरुवार चुकला, तिथे सगळा घोटाळा झाला.

तिचा नवरा हर्षद मालवाहू जहाजावर आचारी होता. नऊ महिन्यांचा करार संपून तीन महिने उलटले, तरी बदली माणूस मिळत नाही म्हणून कंपनी त्याला उतरू देत नव्हती. पावस गावातल्या घरात दमयंती एकटीच. त्याची मोटारसायकल ती दर रविवारी पुसायची, अंगणातच पाच मिनिटं चालू ठेवायची आणि बंद करायची. तिला ती चालवता येत नव्हती.

"उगीच पेट्रोल जाळतेस," शेजारची काशी म्हणायची.

"बॅटरी उतरते गो," दमयंती सांगायची. खरं तर तो आवाज झाला की दारात कोणी आल्यासारखं वाटायचं.

कंपनीची पत्रं इंग्रजीत येत. दीर विनोद ती वाचून दाखवायचा, तेही अंगणात उभा राहून, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. नवऱ्याबद्दलचं आपलं आपल्याला वाचता यावं, म्हणून दमयंती मंगळवारी आणि गुरुवारी एसटीने रत्नागिरीला योगिनी मॅडमच्या क्लासला जाऊ लागली.

त्या मंगळवारी मॅडम म्हणाल्या, "अंटिल म्हणजे पर्यंत. पण आपल्या प्रत्येक 'पर्यंत'ला अंटिल चालत नाही. कुठे चालत नाही, ते गुरुवारी बघू."

गुरुवारी आंबे उतरवायला माणसं आली आणि क्लास बुडला. शुक्रवारी हर्षदचा फोन आला. "ऑफिसात तू एक मेल टाक. घरच्या माणसाचं ऐकतात," एवढं सांगेपर्यंत रेंज गेली.

आंबे संपेपर्यंत तरी माझ्या नवऱ्याला घरी पाठवा, असं दमयंतीच्या मनात होतं. त्याचं तिने शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं: 'प्लीज सेंड माय हजबंड होम अंटिल द मँगोज फिनिश.' दोनदा वाचलं आणि पाठवून दिलं.

सोमवारी उत्तर आलं. त्यातला 'अप्रूव्ह्ड' तिला विनोदच्या मदतीशिवाय वाचता आला. तिने ते काशीला सांगितलं, काशीने वाडीला. संध्याकाळी हर्षदचा फोन.

"अगो, काय लिवलंस तू? आंबे संपेपर्यंत घरी राहायची सुट्टी मिळालीय मला. संपले की परत जहाजावर. आणि आंबे नक्की कुठल्या तारखेला संपतात, ते विचारतायत."

"मी तर म्हटलं, संपायच्या आत पाठवा."

"ते मला कळतं. त्यांना कुठे कळतंय?"

दमयंतीने लगेच दुसरा मेल लिहायला घेतला. आलेल्या माणसाला गणपतीपर्यंत तरी परत पाठवू नका, एवढंच तिला सांगायचं होतं. घाईत 'बॅक' राहून गेलं. गेलं ते एवढंच: 'डोंट सेंड हिम अंटिल गणपती.'

कंपनीने तत्परतेने कळवलं, की आपल्या इच्छेनुसार सुट्टी रद्द केली आहे. गणपतीपर्यंत त्यांना पाठवणार नाही. हे पत्र मात्र तिने विनोदकडे दिलं. विनोदने ते आधी मनात वाचलं, मग आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, जरा बसा."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन्ही मेल वाचले. त्यांना हसू फुटलं होतं, पण दमयंतीच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते आवरलं.

"मी लिहून देते."

"नको मॅडम. मीच लिहीन. पण हे जोडायचे शब्द घातलेच पाहिजेत काय?"

"छोटी छोटी वाक्यं केलीत तर नाही लागत," मॅडम म्हणाल्या.

दमयंतीने बाकावर बसूनच लिहिलं: 'माय हजबंड इज ऑन शिप. ट्वेल्व्ह मंथ्स. द कॉन्ट्रॅक्ट वॉज नाइन. आय अॅम अलोन. सेंड हिम होम. डू नॉट कॉल हिम बॅक.' चौथं वाक्य तिने लाजून खोडलं. मॅडम खिडकी लावायला उठल्या, तेव्हा परत लिहिलं.

बुधवारी मुंबईहून फोन आला. "वहिनी, मी कंपनीतून मनस्वी बोलतेय. मी तुमच्या बाजूचीच, सावर्ड्याची."

"म्हणजे तुम्हाला मराठी येतं?"

"सावर्ड्याची म्हटल्यावर येणारच की. तुम्ही मराठीत लिहिलं असतंत तरी चाललं असतं. साहेबांनी तर मला पावसाचा अंदाज काढायला लावला होता, आंब्याची तारीख ठरवायला."

दमयंतीने समोरची इंग्रजीची वही मिटली.

"बदली माणूस मिळालाय," मनस्वी म्हणाली. "जहाज मे अखेरीस गुजरातला लागतंय. तुमचे मिस्टर तीस तारखेपर्यंत घरी येतील. कायमचे उतरून. पुढचा करार त्यांनी म्हटलं तर."

"पर्यंत म्हणजे?" दमयंतीने विचारलं.

"म्हणजे तीसला, नाहीतर आधी."

"नक्की आधी की नक्की तीसला?"

"वहिनी, जहाज आहे ते," मनस्वी मायेने म्हणाली.

दमयंतीने तीस धरून चालायचं ठरवलं. एकोणतीसला घर सारवायचं, तीसला सकाळी मासे आणायचे. अठ्ठावीसला गुरुवार होता. आता एकही गुरुवार बुडवायचा नाही, असं तिने ठरवलेलं. ती क्लासला गेली, फोन नियमाप्रमाणे बंद करून पर्समध्ये ठेवला. त्या दिवशी 'व्हाइल' होता. दोन गोष्टी एकाच वेळी चालू असल्या की व्हाइल. तिने वहीत चार वाक्यं लिहिली. परतीची एसटी वाटेत बंद पडली आणि त्या गडबडीत फोन पर्समध्ये बंदच राहिला.

उतरून ती घराशी आली, तेव्हा कुलूपबंद दारासमोर पायरीवर हर्षद बसला होता. बॅग शेजारी, दाढी वाढलेली, आणि पहिल्यापेक्षा बारीक. ती फाटकापाशीच थांबली.

"दोन तास झाले," तो म्हणाला. "फोन लागत नाही. काशी दोनदा चहाला बोलावून गेली. म्हटलं, उठलो आणि तेवढ्यात तू आलीस तर? सारखा रस्त्याकडे बघतोय. जीव नुसता मेटाकुटीला आला."

"दोन तास," दमयंती म्हणाली.

चावी तिच्या हातातच होती. दार न उघडता ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली.

"मग बस अजून जरा," ती म्हणाली.